कमरोद्दीनसाहेबांची जन्मतारीख

पोलीस ॲक्शननंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी सगळ्या कारकुनांना उभं केलं आणि विचारलं, "उर्दूत लिहिणारे कोण कोण आहेत?"

दोघांनी हात वर केले. महिन्याभरात त्या दोघांची बदली सोयगावला झाली. ती हात वर केल्यामुळं झाली की आधीच ठरलेली होती, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणी विचारलंही नाही. पण कचेरीत उरलेली माणसं मात्र त्या महिन्यात उर्दू विसरली.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आम्ही सगळे निजामाच्या राज्यात शिकलेलो. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, गैरहजेरीचा अर्जही उर्दूत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा रामकिसन आणि मी तर एकाच बाकावर पाढे म्हटलेले. तोच रामकिसन एकदा एक जुना कागद उलटा धरून मला म्हणाला, "पुंजाराम, हे काय लिहिलंय रे?" मी कागद सुलटा केला नाही. "काय माहीत," म्हणालो. त्याला बरं वाटलं. मलाही.

विसरले नाहीत ते एकटे कमरोद्दीनसाहेब. ते दप्तरखान्याचे प्रमुख होते. औरंगाबादच्या त्या कचेरीत मागच्या बाजूला तीन लांब खोल्या, त्यात लाल फडक्यात बांधलेली कागदांची बस्तानं, आणि त्यांच्यामध्ये एका उंच स्टुलावर हे बसलेले. बारीक अंग, पांढरी आखूड दाढी, शेरवानीचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. त्यांचा धाकटा भाऊ घरदार विकून कराचीला गेला. हे गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "दप्तर कुणाच्या हवाली करू?"

जुने कागद साध्या उर्दूत नव्हते, ते शिकस्त्यात होते. शिकस्ता म्हणजे घाईचं मोडकं अक्षर. नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गायब, दोन शब्द एकमेकांत अडकलेले, ओळ शेवटाला वर चढत गेलेली. ते ज्यांना उर्दू येत होतं त्यांनाही यायचं नाही. त्यामुळं कमरोद्दीनसाहेबांवाचून कचेरीचं चालत नव्हतं, आणि हे चालत नाही असं कागदावर मान्यही करता येत नव्हतं.

यातून एक पद्धत पडली. कुणाचा अर्ज आला की तो दप्तरखान्याकडं अभिप्रायासाठी जायचा. कमरोद्दीनसाहेब जुना कागद काढून उर्दूत अभिप्राय लिहायचे, कारण त्यांना मराठी बोलता यायचं, पण लिहिताना हात अडखळायचा. साहेबांना उर्दू यायचं नाही, म्हणून ते शेरा मारायचे, 'भाषांतर करून सादर करावे.' भाषांतरकार म्हणून नेमणूक कमरोद्दीनसाहेबांचीच होती. ते तोंडी सांगायचे, मी मराठीत उतरवायचो, ते सही करायचे. मग साहेबांचा शेरा यायचा, 'भाषांतर मुळाबरहुकूम असल्याची दप्तरखान्याने खात्री करावी.' की ते खात्री करायचे. त्यांच्या तीन हुद्द्यांच्या तीन सह्या वेगवेगळ्या होत्या. मला वाटतं, दोन साहेब येऊन गेले तरी त्यांचा समज असाच होता की मागं तीन माणसं बसतात.

छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा भाग मुंबई राज्यात गेला. पाठोपाठ परिपत्रक आलं की सर्व नोकरांच्या जन्मतारखा इंग्रजी सालात कळवाव्यात. आमच्या सेवापुस्तकांत सगळ्या तारखा फसली सालात. निजामाच्या कचेरीत तेच साल चालायचं. कमरोद्दीनसाहेबांचा जन्म १३११ फसलीचा. टंकलेखकानं समोर दिसलं ते उतरवलं, तात्यासाहेबांनी आद्याक्षरी केली, साहेबांनी सही केली आणि यादी वर गेली.

मे महिन्यात वरून विचारणा आली. उदाहरणार्थ, अनुक्रमांक चारचा कर्मचारी वयाची पंचावन्न वर्षे तेराशे सहासष्ट साली पूर्ण करीत असून तो पाचशे एक्याण्णव वर्षे सेवेत जादा राहिल्याचे दिसते. याला जबाबदार कोण, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

कुणी हसलं नाही. तात्यासाहेबांनी खुलाशाचा मसुदा केला, त्यात पहिलं वाक्य होतं, 'सदर विलंब या कार्यालयाच्या सध्याच्या कर्मचाऱ्यांच्या काळातील नाही.' तात्यासाहेब आमचे हेडक्लार्क, गंगापूरकडचे, वजनदार माणूस. त्यांनी तीस वर्षांत कुठल्याही कागदावर कधी 'हो' किंवा 'नाही' लिहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

शेवटी सेवापुस्तकं कमरोद्दीनसाहेबांकडं गेली. सालं त्यांनीच फिरवून द्यायची. सोबत परिपत्रकातला नियम होता: फसली सालात पाचशे एक्याण्णव मिळवावेत.

चार दिवसांनी त्यांनी मला मागं बोलावलं. स्टुलावर नव्हते, उभे होते.

"पुंजाराम, मी रिटायर झालो."

"कधी?"

"गेल्या नोव्हेंबरात." त्यांनी सेवापुस्तक माझ्याकडं सरकवलं. "हे बघ. माझा महिना दै. फसली साल सुरू होतं ऑक्टोबरात. दै म्हणजे नोव्हेंबर. तेव्हा इंग्रजी साल बदललेलं नसतं. त्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे. पुढच्यांना एक्याण्णव. परिपत्रक लिहिणाऱ्याला हे माहीत नाय. माझा जन्म एकोणीसशे एकचा. दोनचा नव्हे."

"मग आता?"

"आता काय. सात महिने झाले, मी इथं कुणी नाही."

ते हे हसून बोलले नाहीत. त्यांचे हात टेबलावर सपाट ठेवलेले होते आणि ते त्यांच्याकडंच बघत होते.

मी तात्यासाहेबांना सांगितलं. ते मागं आले. दप्तरखान्यात ते सहसा यायचे नाहीत, धुळीनं त्यांना शिंका यायच्या.

"परिपत्रकात एक्याण्णव आहे ना कमरोद्दीनसाहेब? मग एक्याण्णव."

"तारीख चुकते, तात्यासाहेब."

"तारीख चुकली तर परिपत्रकाची चुकेल. तुमची कशी चुकेल?"

"मी एकतीस वर्षं लोकांच्या तारखा काढून दिल्या. एक चूक नाय. स्वतःचीच कशी चुकवू?"

तात्यासाहेब दोनदा शिंकले. मग शांतपणे म्हणाले, "खरी लिहिली तर काय होईल, सांगतो. नोव्हेंबरापासून तुम्ही दिलेल्या सगळ्या नकला, सगळी भाषांतरं रद्द. आणि तुमचा हा जन्मतारखेचा दाखलासुद्धा रद्द, कारण तो सेवेत नसलेल्या माणसानं दिला. म्हणजे तुम्ही निवृत्त झालाय हे सिद्धच होत नाही. मग एवढी मेहनत कशाला?"

दाखल्याचं कमरोद्दीनसाहेबांना काही वाटलं नाही. नकलांचं वाटलं. तात्यासाहेब गेल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जानेवारी सत्तावन्न, भागूबाई, मौजे करमाड, विहिरीच्या पाळीचा कागद.

भागूबाई मला माहीत होती. ती विधवा बाई. तिच्या सासऱ्यानं पूर्वी वाटणी करताना लिहून दिलं होतं की मळ्यातल्या विहिरीवर दोन्ही मुलांची एकाआड एक दिवस मोट चालेल. नवरा गेल्यावर कारभारी नावाच्या दिरानं तिची मोटच काढून टाकली. म्हणाला, विहीर माझी, कागद दाखव. तेव्हापासून ती करमाडहून यायची, कधी जालन्याच्या मोटारीनं, कधी पायी. तिचा कागद शोधायला कमरोद्दीनसाहेबांना पाच आठवडे लागले होते. दुसऱ्याच गावाच्या बस्तानात गेला होता.

आता प्रकरण मुन्सफ कोर्टात उभं होतं आणि सही करणाऱ्याचं नोकरीचं वय उलटलंय म्हणून कारभारीच्या वकिलानं नकलेवरच्या सहीला हरकत घेतली होती. कोर्टानं आमच्याकडं लिहून विचारलं होतं की सही करणारा त्या दिवशी अधिकारात होता काय. सुनावणीची तारीख बावीस जुलै.

"एक्याण्णव लिहिलं तर तिचं काम होतं," मी म्हणालो.

"हौ."

"मग लिहा की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि उद्या कुणी दुसऱ्यानं दै महिन्याची तारीख विचारली, तर त्याला काय सांगू? नव्वद की एक्याण्णव?"

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं नंतर त्यांच्या घरून कळलं. मी जेवलो.

कमरोद्दीनसाहेबांनी दाखला लिहिला नाही, आणि लिहिणार नाही असंही सांगितलं नाही. प्रकरण तात्यासाहेबांनी 'विचाराधीन' या कप्प्यात टाकलं. त्या कप्प्याला मागं भोक होतं आणि कागद मागच्या बाजूला पडायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोर्टाचं दुसरं पत्र आलं, आणि ते थेट साहेबांच्या नावानं.

साहेब साताऱ्याकडचे, तरुण, सरळ. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कमरोद्दीनसाहेब दाराशी उभे.

"साधी गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "त्या बाईचा मूळ कागद दप्तरात आहे. दुसऱ्या कुणीतरी तो वाचून नवीन नक्कल द्यावी, सही करावी. प्रश्न मिटला. उर्दू कुणाला येतं?"

पंखा फिरत होता. रामकिसन आपल्या चपलेचा अंगठा बघत होता. तात्यासाहेबांनी खिडकीबाहेर काहीतरी पाहिलं, मग बराच वेळ पाहत राहिले. मी माझ्या हातातल्या टाकाचं टोक पुसलं. ते स्वच्छ होतं.

"सदतीस माणसांत एकालाही येत नाही?" साहेब म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी इथं सगळा कारभार उर्दूत होता ना? मग तो करत कोण होतं?"

"आधीचे लोक, साहेब," तात्यासाहेब म्हणाले.

कमरोद्दीनसाहेबांना आमच्यातल्या प्रत्येकाचं अक्षर माहीत होतं. आमचे सगळ्यांचे नोकरीचे पहिले अर्ज त्यांच्याच दप्तरात होते. त्यांनी कुणाकडंही पाहिलं नाही, आणि ते मुद्दाम पाहत नाहीत हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भागूबाई आली. कचेरीच्या पायरीवर बसली होती, शेजारी भाकरीचं गाठोडं. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर म्हणाली, "भाऊ, माहं कसं काय झालं?"

"चाललंय. उर्दू वाचणारा माणूस पाहिजे. तो मिळेना."

तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "असं कसं? तुमी शेंद्र्याचे पुंजाराम ना? सांडूबाबाचे?"

"व्हय."

"माहं माहेर शेंद्र्याचंच. मी लहान व्हते तवा गावात कुणाचं कागद आलं का तुमच्याकडंच यायचं लोक. तुमी पारावर बसून वाचून दाखवायचे. माह्या बापाचा सम्दा कागद तुमीच वाचला व्हता. लई चांगलं वाचायचे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

"त्याला लई वर्षं झाली बाई," मी म्हणालो.

"वाचायचं कुटं विसरतं व्हय माणूस?" ती म्हणाली, आणि गाठोडं सोडून भाकरी खाऊ लागली. मलाही अर्धी देऊ केली. मी घेतली नाही.

आत येऊन मी अर्ज लिहिला. 'मला उर्दू भाषा येते. तरी माहितीसाठी सविनय सादर.' एवढाच. कचेरीत आजवर असा अर्ज कुणी केला नव्हता, त्यामुळं तो कुठल्या विषयाखाली नोंदवायचा हे ठरायला दुपार झाली. शेवटी तो 'संकीर्ण'मध्ये गेला.

तात्यासाहेबांनी मला बोलावलं. चेहरा दुखावल्यासारखा.

"पुंजाराम, तुला काही त्रास आहे का घरी?"

"नाही."

"मग हे काय केलंस? आता हे येतं म्हटल्यावर तुला मागं टाकतील. दप्तरखान्यात गेलेला माणूस पुढं येत नाही."

"असू द्या."

"पुरावा लागेल."

दुसऱ्या दिवशी मी घरून मिडलची उर्दू सनद आणून पुढं ठेवली. "अव्वल दर्जात पास आहे," मी सांगितलं.

तात्यासाहेबांनी चष्मा वर केला, सनदेवर नजर टाकली आणि म्हणाले, "अव्वल कुठं? दोयम लिहिलंय."

खोलीत सात-आठ जण होते. सगळ्यांचे टाक एकदम चालू लागले. तात्यासाहेबांनी सनद हळूच खाली ठेवली, रुमाल काढला आणि शिंक नसताना नाक पुसलं. मग त्यांनी सनदेवर शेरा मारला, 'भाषांतर करून सादर करावे.' सनद कमरोद्दीनसाहेबांकडं गेली, त्यांनी भाषांतर केलं, खात्री केली. तिन्ही सह्या केल्या. या सह्यांना हरकत कुणी घेतली नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस मी मागच्या खोलीत होतो. उर्दू मला आठवलं, म्हणजे ते गेलंच नव्हतं. पण शिकस्ता येईना. भागूबाईचा कागद बावीस ओळींचा होता आणि पहिल्या दिवशी मला त्यातले चार शब्द लागले, त्यात तिच्या सासऱ्याचं नाव धरून. कमरोद्दीनसाहेब शेजारी बसायचे, पण शब्द सांगायचे नाहीत.

"हात बघ त्याचा," म्हणायचे. "हा लिहिणारा घाईत आहे. दुपार झालीय, त्याला घरी जायचंय. आता बघ, इथं त्यानं कलम उचललीच नाही. का नाही उचलली?"

"दोन शब्द जोडलेत."

"कुठले?"

"एक दिवस... एक दिवस आड?"

"वाच पुढं."

सहाव्या दिवशी मी एका शब्दावर अडलो आणि चिडून म्हणालो, "तुम्ही सांगून टाका ना. तारीख जवळ आली."

"मी सांगितलं तर ती माझी नक्कल होईल. सही तुझी पाहिजे, तर वाचायचंही तूच." थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "नऊ वर्षं मी वाट बघितली, पुंजाराम. कुणीतरी म्हणेल म्हणून. मला वाटलं होतं रामकिसन म्हणेल."

मी खाली मान घालून तो शब्द पुन्हा वाचला. तो 'बिलाहरकत' होता.

अठरा जुलैला नक्कल झाली. माझी सही. बावीसला कोर्टानं ती मान्य केली आणि पुढच्या महिन्यात निकाल भागूबाईच्या बाजूनं लागला. नक्कल कोर्टात गेली त्याच दिवशी कमरोद्दीनसाहेबांनी आपली तारीख लिहून दिली, नोव्हेंबर एकोणीसशे एक, खाली कारणासह. साहेबांनी ती वाचली, दोनदा बोटांवर महिने मोजले आणि वर पाठवली.

उत्तर ऑक्टोबरात आलं. नोव्हेंबर छप्पनपासून आजपर्यंतचा काळ प्रशासकीय सोयीसाठी मुदतवाढ समजण्यात येत असून त्या काळातील सर्व सह्या वैध मानाव्यात. म्हणजे भागूबाईची जुनी नक्कल पहिल्यापासून बरोबर होती. परिपत्रकात दुरुस्ती मात्र झाली नाही. माझ्या माहितीत त्या नियमानं पुढं पुष्कळ माणसं वर्षभर उशिरा निवृत्त झाली, आणि कुणी तक्रार केली नाही.

निरोपाला तात्यासाहेब बोलले. कमरोद्दीनसाहेबांनी कचेरीची कशी निष्ठेनं सेवा केली हे त्यांनी मराठीत सांगितलं, आणि शेवटी "खुदा हाफिज" म्हणाले. रामकिसन हार घेऊन पुढं आला होता. हार घालताना त्यानं कमरोद्दीनसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते त्याच्या खांद्यावर थोपटत राहिले. काय सांगितलं हे मी दोघांनाही विचारलं नाही.

दप्तराचा ताबा मी घेतला. तात्यासाहेब म्हणाले ते खरं ठरलं. मी तिथंच पंचवीस वर्षं राहिलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझ्यामागून लागलेले तिघं माझे साहेब झाले. याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. एकदोन वर्षं फार वाटलं.

त्या निरोपानंतर महिन्याभरानं कमरोद्दीनसाहेब कचेरीत आले आणि बाहेरच उभे राहिले. म्हणाले, "करमाडला जायचं का? एकतीस वर्षं मी विहिरी, बांध, आंब्याची झाडं वाचत आलो. एक पाहिली नाय."

रविवारी आम्ही जालन्याच्या मोटारीनं गेलो. भागूबाईनं आम्हाला मळ्यात नेलं. तिची पाळी होती. बैल उतारावरून खाली येत होते, मोट वर येऊन थारोळ्यात सांडत होती, पाणी पाटानं ज्वारीकडं चाललं होतं. कमरोद्दीनसाहेबांनी जोडे काढले आणि पायऱ्या उतरून गेले. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले. शेरवानीचं वरचं बटण उघडलं. बराच वेळ ते वर आले नाहीत. भागूबाई मला म्हणाली, "बाबाला बरं नाय का?" मी म्हणालो, "बरं आहे."

ते वर आले तेव्हा बांधाच्या पलीकडून एक बाई आली. कारभारीची बायको, द्वारकाबाई. दप्तरातले साहेब आलेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं आधी भागूबाईकडं पाठ केली, मग कमरोद्दीनसाहेबांना म्हणाली, "आमचा बी असंल की एखादा कागद. सम्दी विहीर आमचीच हाय असा. तेवढा काढून द्या."

कमरोद्दीनसाहेबांनी ओले पाय रुमालानं पुसले आणि माझ्याकडं हात केला. "यांच्याकडं अर्ज करा. आता ताबा यांचा आहे."

"देतील का?"

"असला तर देतील. नसला तर नाही म्हणून लिहून देतील."

भागूबाईनं सगळ्यांसाठी एकदमच चहा टाकला. द्वारकाबाईनं तो उभ्यानंच घेतला. तिचा अर्ज पुढच्या मंगळवारी आला. तीन आठवडे शोधून मी तिला लिहून दिलं की असा कागद नाही.